ग्रंथपालबाईंना विचारा : साखळीतली पुस्तकं आणि लाल मायलो

मागच्या अंकात मी राजाबाई टॉवरखालच्या विद्यापीठ ग्रंथालयावर दोन पानं लिहिली, तर संपादकांनी मला न विचारता खाली चौकट टाकली : 'जगभरच्या ग्रंथालयांबद्दल काही विचारायचं असेल तर बाईंना विचारा.' आता महिनाभर पत्रं येताहेत. आधीच सांगते, मी जग फिरलेली बाई नाही. कुर्ल्यातल्या एका वाचनालयाच्या देवघेव विभागात १९८३ साली चिकटले आणि एकतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले, शेवटची बारा वर्षं ग्रंथपाल म्हणून. परदेश म्हणाल तर एकदा काठमांडू. पण दुपारी दोन ते चार काउंटरवर चिटपाखरू नसायचं. त्या दोन तासांत दुसऱ्यांच्या ग्रंथालयांबद्दल वाचायची खोड लागली, ती अजून आहे. तेव्हा विचारलंत ते बरं केलंत.

व्हॉट्सॲपवर 'जगातली दहा सर्वांत सुंदर ग्रंथालयं' असे फोटो सतत येतात. त्यातलं खरोखर सर्वांत भारी कोणतं? — प्रा. म., दहिसर

ते फोटो मलाही येतात. सोनेरी छत, गोल जिना, आणि माणूस एकही नाही! त्यात हटकून असतं ते ऑस्ट्रियातल्या आडमाँट मठाचं ग्रंथालय. १७७६ साली पुरं झालं. दालन सत्तर मीटर लांब, म्हणजे आपल्या लोकलचे साधारण साडेतीन डबे. सगळं पांढरं आणि सोनेरी, वर चित्रं. सुंदर आहे, वादच नाही.

पण माझं मत विचाराल तर कोरियातलं हाएइन्सा. हा बौद्ध विहार डोंगरात आहे आणि तिथे पुस्तकं नाहीतच, पुस्तकांचे ठसे आहेत. तेराव्या शतकात, मंगोलांच्या स्वाऱ्या चालू असताना, सगळं त्रिपिटक लाकडी फळ्यांवर उलट्या अक्षरांत कोरून काढलं. ८१,२५८ फळ्या, बहुतेक दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, पाच कोटींच्या वर अक्षरं. शाई लावा, कागद दाबा, पान तयार. लाकूड आधी खाऱ्या पाण्यात मुरवलं, उकळलं, सावलीत वाळवलं, मग कोरलं.

माझा जीव अडकलाय तो फळ्यांत नाही, त्या ठेवल्यात त्या कोठारांत. पंधराव्या शतकातल्या या साध्या लाकडी इमारती आहेत, आतून रंगरंगोटी काही नाही. खिडक्यांना काच नाही, उभ्या पट्ट्या आहेत. समोरच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या, वरच्या लहान. मागच्या भिंतीत बरोबर उलटं. त्यामुळे वारा आत शिरतो, घोटाळतो, फळ्यांमधून फिरतो आणि मग बाहेर पडतो. जमिनीत माती, कोळसा, चुना आणि मीठ घातलंय, ते दमट दिवसात ओल पितं आणि कोरड्या दिवसात सोडतं. १९७०च्या दशकात सरकारने आधुनिक बंदिस्त कोठार बांधलं. काही फळ्या तिथे नेऊन पाहिल्या, त्यांना बुरशी धरली. मुकाट्याने परत आणल्या.

हे वाचलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला होता. कारण नव्वदच्या दशकात आमच्याकडेही एक आर्किटेक्ट आले होते. त्यांनी दुर्मिळ विभागाच्या चारही खिडक्या बुजवून घेतल्या आणि एसी बसवला. एसी कितीला बंद व्हायचा? संध्याकाळी साडेसातला, वीजबिल वाचवायला. गार झालेल्या पुस्तकांवर रात्री कुर्ल्याची दमट हवा बसायची. गार बाटलीला घाम फुटतो तसं. सहा महिन्यांत १९२०-३०मधल्या मासिकांच्या खंडांवर हिरवट मखमल. शेवटी आमच्या शिपायाने एक खिडकी फोडून परत जाळी बसवली आणि समितीने त्यालाच मेमो दिला.

माझा भाचा बुसानला जहाजबांधणीत नोकरीला आहे, तो हाएइन्साला जाऊन आला. म्हणाला, "मावशी, आत सोडत नाहीत, पट्ट्यांमधून डोकावायचं फक्त." हा उणा गुण मी मोजते. पण १९५१च्या युद्धात त्या डोंगरावर बॉम्ब टाकायचा हुकूम किम यंग-ह्वान नावाच्या वैमानिकाने मोडला म्हणून ते आज आहे, तेव्हा डोकावणं तरी डोकावणं.

काही ग्रंथालयांत वटवाघळं पाळतात हे खरं आहे का? मी सहावीत आहे. — आ., मुलुंड

अगदी खरं, राजा. पोर्तुगालमध्ये कोईंब्रा विद्यापीठाचं जुआनिना ग्रंथालय आहे, १७१७ ते १७२८मध्ये बांधलेलं, दोन मीटरहून जाड भिंतींचं. तिथे छोटी वटवाघळं राहतात. कुणी पाळलेली नाहीत, पण कुणी हाकलतही नाही. रात्री ती किडे खातात, आणि ते किडे पुस्तकं खाणारे असतात. पण वटवाघूळ म्हटलं की शी आलीच. म्हणून रोज संध्याकाळी कर्मचारी जुन्या टेबलांवर चामड्याची आच्छादनं घालतात आणि सकाळी काढून सगळं झाडून घेतात. त्याच देशातल्या माफ्राच्या राजवाड्यातल्या ग्रंथालयातही हाच संसार आहे.

तू आता विचारशील, आपल्याकडे का नको? आपल्या पिंपळावर उलटी लटकतात ती मोठी वटवाघळं फळं खातात, त्यांना आपल्या कसरीत रस नाही. कसर माहीत आहे ना? जुनं पुस्तक उघडल्यावर सुळकन पळते ती चंदेरी, माशासारखी. तिला लागतो दमटपणा, अंधार आणि बांधणीतली खळ. तुझ्या कपाटातली पुस्तकं महिन्यातून एकदा काढून फडक्याने पूस, तेवढ्याने ती कंटाळून जाते. डांबरगोळ्या पुस्तकांत ठेवू नकोस, डोकं दुखतं.

एशियाटिकमध्ये दांतेची पोथी आहे आणि मुसोलिनीने तिच्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते म्हणतात. आपल्यासारख्याला ती बघायला मिळते का? — वि. ना., नालासोपारा

इटालियन महाकवी दांतेची पोथी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. मुंबईचा एके काळचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टनने दिलेली, हाताने लिहिलेली, आत सुंदर रंगीत चित्रं. ती तिजोरीत असते, प्रदर्शन मांडलं की बाहेर येते. दहा लाख पौंडांची गोष्ट मुंबईत प्रत्येक जण प्रत्येकाला सांगतो, आणि सांगताना प्रत्येकाची मान थोडी ताठ होते. होऊ द्या.

पण विरार लोकलने रोज येता-जाता आणि दांतेचं विचारता? तुमच्या गावचा ठेवा त्याच इमारतीत आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा बुरुड राजाचा कोट म्हणतात तो स्तूप उकरला. आत दगडी पेटी निघाली, तिच्यात भोवतीने बुद्धमूर्ती आणि मधे करंडा. त्या करंड्यात दुसरा, त्यात तिसरा, असं करत शेवटी सोन्याचा. त्या सोन्याच्या करंड्यात काय? मातीच्या भांड्याचे बारकेसे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे, अशा श्रद्धेने ठेवलेले. हे सगळं एशियाटिकच्या संग्रहात आलं. दांतेपेक्षा मला तो क्षण बघायला आवडला असता, सोन्याच्या डबीचं झाकण उघडून खापरी निघाली तो.

ती इमारत म्हणजे टाउन हॉल, १८३३चा. तीस पायऱ्या, आठ खांब. सोसायटी त्याहून जुनी, १८०४ची. पायऱ्यांवर संध्याकाळी जोडपी बसतात, एमपीएससीवाली मुलं बसतात, आणि आत न शिरताच परत जातात. त्यांना कुणी सांगत नाही की याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. १९५४च्या कायद्याने देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने चार ठिकाणी पाठवायची : कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि आपली मुंबई. न पाठवल्यास कायद्यात दंड ठेवला तो पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. एवढ्याला कोण भिणार असा हा प्रकार. तरीही बरेच प्रकाशक पाठवतात, त्यांचे आभार.

आमच्या सोसायटीत आम्ही बायकांनी छोटं वाचनालय सुरू केलंय, चारशे पुस्तकं. पण लोक नेतात आणि परत देत नाहीत. भांडणं नकोत. काय करावं? — सु. दे., बोरिवली

सुनीताताई म्हणू का? आद्याक्षरावरून अंदाज बांधलाय. हे दुखणं तुमच्या सोसायटीपेक्षा सव्वीसशे वर्षांनी जुनं आहे. अ‍ॅसिरियाचा राजा अशुरबनिपाल याने निनवेला मातीच्या पाट्यांचं ग्रंथालय केलं होतं. तिथल्या पाट्यांवर शेवटी शाप कोरलेले सापडतात : जो ही पाटी नेईल त्याचं नाव आणि वंश देवांनी पुसून टाकावा. शापांचा उपयोग झाला नाही, शहर जळलं. पण गंमत अशी की आगीत कच्च्या पाट्या भाजून निघाल्या आणि म्हणूनच टिकल्या. पुस्तकं जळून वाचलेली मला ही एकच जागा ठाऊक आहे.

शापानंतर साखळी आली. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या चर्चमध्ये सतराव्या शतकातली साखळदंडांची मांडणी अजून जशीच्या तशी आहे. साखळीचं एक टोक पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला, दुसरं फळीखालच्या लोखंडी गजाला. म्हणून तिथे पुस्तकं उलटी लावतात, पाठ भिंतीकडे आणि कड आपल्याकडे. तसं लावलं की पुस्तक काढून समोरच्या उतरत्या बाकावर ठेवताना साखळीला पीळ पडत नाही. मग नाव कसं कळणार? मांडणीच्या टोकाला यादी लावलेली असते. हे मी वाचलं आणि दोन दिवस आमच्या कपाटांकडे बघत मनात साखळ्या लावत होते, कबूल करते.

आणि ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने तर राजालाही पुस्तक घरी नेऊ दिलं नाही. १६४५ साल, यादवी युद्ध, पहिला चार्ल्स राजा ऑक्सफर्डातच मुक्काम ठोकून. त्याने पुस्तक मागवलं. ग्रंथपालाने राजाला नियम दाखवला : पुस्तक बाहेर जात नाही, कुणासाठीही नाही. राजाने मान्य केलं. काही वर्षांनी, राजाला हरवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेललाही तेच उत्तर मिळालं. आमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाच्या पीएला 'अनामत भरा' म्हणताना मला या गोष्टीचा फार आधार वाटायचा.

पण तुमच्यासाठी सल्ला उलटा. दंड ठेवू नका. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ साली उशिराचा दंड बंद केला, न्यूयॉर्कने २०२१ साली. मग वर्षानुवर्षं लाजेने दडवलेली पुस्तकं लोक आणून द्यायला लागले. माणूस पुस्तक चोरत नाही, त्याला उशीर होतो. मग आठ रुपये झालेत की ऐंशी, हे विचारायची लाज वाटते, आणि मग तो आपल्या गल्लीनेच जायचं सोडतो. माझ्या काउंटरसमोरून मान खाली घालून जाणारी अशी पाच-सहा माणसं मी ओळखायचे. गणपतीत एक दिवस ठेवा, 'काहीही न विचारता परत घेऊ' असं फळ्यावर लिहा, खाली रिकामी टोपली ठेवा आणि तिथे कुणी बसू नका. हे महत्त्वाचं, बसू नका.

मुलगा शिकागोला शिकतो. म्हणतो, 'आई, इथल्या लायब्ररीत आपल्याकडे न मिळणारी मराठी पुस्तकं आहेत.' एवढी मराठी पुस्तकं तिथे गेली कशी? — अ. कु., कल्याण

लाल मायलो खाल्लाय का हो तुम्ही? वयाने साठीच्या पुढे असाल तर खाल्ला असेल. रेशनवर मिळायची ती अमेरिकेची तांबडी ज्वारी. भाकरी थापताना तुटायची, आणि आजी म्हणायची की तिकडे ही डुकरांना घालतात.

तुमच्या मुलाच्या हातातलं पुस्तक त्या भाकरीच्या पैशांनी गेलंय. १९५४ सालीच, म्हणजे आपला पुस्तकांचा कायदा झाला त्याच वर्षी, अमेरिकेत पीएल ४८० नावाचा कायदा झाला. जास्तीचं धान्य गरजू देशांना द्यायचं आणि किंमत त्यांच्याच चलनात घ्यायची. आपण गव्हाचे पैसे रुपयांत भरले. ते रुपये इथेच साठले, डॉलर करून नेता येईनात. मग या रुपयांतून भारतात काय घ्यावं? त्यांच्या ग्रंथपालांनी डोकं लढवलं : पुस्तकं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२पासून दिल्लीला ऑफिसच थाटलं. मराठी, तमिळ, बंगाली, उर्दू, नेपाळी, जे छापलं जाईल त्याच्या प्रती विकत घ्यायच्या, पेट्या भरायच्या आणि तिकडच्या विद्यापीठांना वाटायच्या. शिकागो त्यातलं एक मोठं.

माझे वडील गिरगावात एका पुस्तकाच्या दुकानात बांधणी-पाठवणीचं काम करत. 'दिल्लीची ऑर्डर' आली की घरी उशिरा येणार, हे आम्हाला पाठ होतं. एकेका पुस्तकाच्या पंधरा-पंधरा प्रती. कादंबऱ्या, कवितांच्या पातळ चोपड्या, एखाद्या तालुक्याच्या देवस्थानाची माहिती, दिवाळी अंकसुद्धा. वडिलांच्या बोटांना सुतळीचे वळ असायचे. ते म्हणायचे, "इथं ज्याच्या अकरा प्रती खपल्या नाहीत त्याच्या पंधरा अमेरिकेला चालल्या, आता कवी उगाच फुशारतो बघ."

कवी फुशारला असेल, पण बघा : इथे ती चोपडी रद्दीत गेली, वाळवीने खाल्ली, लेखकाच्या घरी धाकट्या सुनेने माळा साफ केला. तिथे ती नोंद होऊन, कपाटात, थंड हवेत उभी आहे. याचा मला आनंद होतो की राग येतो, ते दिवसावर अवलंबून असतं. तुमच्या मुलाला सांगा, पुस्तकाच्या मागचा कागद बघ. कितीदा बाहेर गेलंय ते मला कळव.

आणि एवढ्या लांब कशाला? तंजावरला जा. भोसल्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं तीन हजारांच्या आसपास आहेत. सरफोजी राजे काशीयात्रेला गेले तेव्हा तिथल्या पंडितांकडून संस्कृत पोथ्या उतरवून घेऊन आले. गंगाजल आणणारे पुष्कळ, पोथ्या आणणारा राजा विरळा. यांच्याच संग्रहात वैद्यक आहे, नाटकं आहेत, मोडी कागदांचे ढीग आहेत. तिकडचा माणूस मराठी बोलतो तेव्हा आपण हसतो, पण आपली जुनी नाटकं त्यांनी सांभाळली.

नॉर्वेत म्हणे असं ग्रंथालय आहे ज्यातली पुस्तकं शंभर वर्षांनी वाचायची. किती सुंदर कल्पना! — मृ., पार्ले

असेल सुंदर. ऑस्लोजवळच्या रानात २०१४ साली हजार झाडं लावली. दर वर्षी एक लेखक एक हस्तलिखित देतो, ते कुणी वाचायचं नाही. २११४ साली त्या झाडांचा कागद करून सगळी छापायची. मार्गारेट अ‍ॅटवुड पहिल्या. ऑस्लोच्या नव्या ग्रंथालयात त्यासाठी लाकडी खोली आहे, खणांत बंद कागद.

मी रंगनाथनांच्या शाळेतली. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले, त्यातला पहिला : पुस्तकं वापरासाठी असतात. तेव्हा मला विचारू नका.

लालबागच्या आमच्या जुन्या खोलीत आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे. आत मोडीतले कागद, काही पोथ्या. टाकवत नाही, वाचता येत नाही. — द. सा., लालबाग

टाकू नका. आफ्रिकेत टिंबक्टूला घराघरांत अशाच ट्रंका होत्या, शतकानुशतकं, बापाकडून मुलाकडे. २०१२ साली सशस्त्र टोळ्यांनी शहर घेतलं, तेव्हा अब्देल कादर हैदरा आणि त्यांच्या माणसांनी ही हस्तलिखितं पत्र्याच्या ट्रंकांत भरून, रात्री गाढवगाड्यांवर, मग जीपमध्ये, मग नायजर नदीतून होड्यांवर, राजधानी बामाकोला पोचवली. लाखोंच्या घरात. जी ग्रंथालयात राहिली त्यातली चारेक हजार जाताना जाळली. आणि वाळवंटात कोरडी ठणठणीत राहिलेली ती पानं बामाकोच्या दमट हवेत गेली आणि नवी काळजी सुरू झाली. दमट हवेचं आपल्याला कुणी सांगायला नको.

तेव्हा दत्ताराम म्हणा, दगडू म्हणा, जे असाल ते, एवढं करा. ट्रंक जमिनीवरून उचलून पाटावर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाका. कागद धुतलेल्या सुती कापडात बांधा, जुने लोक बासन म्हणायचे ते हेच. लॅमिनेशन नाही, चिकटपट्टी नाही, रबरबँड नाही. काही लिहायचं तर पेन्सिलीने आणि वेगळ्या कागदावर. मग एका सकाळी काळा घोड्याला, एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जाऊन मोडी वाचणाऱ्याची चौकशी करा. पुण्याला जाणं होत असेल तर राजवाड्यांनी १९१०मध्ये काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. जाताना ट्रंक नेऊ नका, मोबाइलवर चार पानांचे फोटो न्या. बहुतेक वेळा निघतो तो सावकाराचा हिशेब. पण तुमच्या आजोबांच्या गावात १८७०मध्ये तांदूळ काय भावाने होता, हे दुसरं कोण सांगणार?

उल्हास नदीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरतं. पुस्तकं भिजली तर वाचवता येतात का? — ज्यो. प., बदलापूर

येतात. मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस, मिठी नदी कुर्ल्यात. मी दुपारी चारला निघाले ती रात्रभर सायनच्या एका शाळेत होते. वाचनालय उघडलं अठ्ठावीसला. संदर्भ विभाग वर्षभरापूर्वीच वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणला होता, कारण वरचा हॉल साड्यांच्या प्रदर्शनाला भाड्याने द्यायचा होता. मी लेखी विरोध केला होता. त्या विरोधाची स्थळप्रतही तळमजल्यावरच होती.

दार उघडेना. चिखलामुळे वाटलं, पण कारण वेगळं होतं : पुस्तकं फुगतात. ओली पुस्तकं मांडणीत इतकी घट्ट बसली की लोखंडी उभे खांब वाकले, एक मांडणी फुटून दारावर पडली होती. वास अजून नाकात आहे, रॉकेल, गटार आणि खळ. लाल कापडी बांधणीचा रंग सुटून शेजारच्या सगळ्या पुस्तकांच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. आम्ही चौघांनी काय केलं? जे कुणीही करेल ते. पुस्तकं उघडली, पानं सुटी करायला गेलो, फाटली. गच्चीत दोऱ्यांवर टाकली, पाऊस परत आला. पंखे नाहीत, वीज पाच दिवस नव्हती. तिसऱ्या दिवशी काळी-हिरवी बुरशी. गुळगुळीत आर्ट पेपरचे सगळे दिवाळी विशेषांक विटांसारखे घट्ट झाले. ते कधीच उघडले नाहीत. तीनेक हजार पुस्तकं डंपरमध्ये गेली, दाखल क्रमांक मी एकेक करून रजिस्टरात लाल शाईने खोडले.

पुढे महिन्याभराने वाचलं ते असं. १९६६च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला, राष्ट्रीय ग्रंथालयाचं तळघर चिखलाने भरलं, जगभरची पोरं येऊन हातोहात पुस्तकं बाहेर काढत होती. त्यातून भिजलेली पुस्तकं वाचवायचा धडा सगळ्यांनी गिरवला. २००४मध्ये जर्मनीत वायमारचं आना अमालिया ग्रंथालय पेटलं. पन्नास हजार पुस्तकं गेली, बासष्ट हजार आगीने, पाण्याने जखमी झाली. भिजलेली त्यांनी लगेच लाइपझिगला नेऊन गोठवली. गोठवली! थंडीत बुरशी थांबते, पानं चिकटत नाहीत, रंग पसरत नाही. मग निर्वात यंत्रात बर्फाची थेट वाफ होते, पाणी मधे येतच नाही. पुस्तक वर्षभर गोठलेलं राहिलं तरी चालतं. म्हणजे आपल्याला हवा असतो तो वेळ मिळतो.

आणि मी कुठे होते? मुंबईत. ससून डॉक आहे, भाऊचा धक्का आहे, मासळीची शीतगृहं आहेत. आमच्या सभासदांत एक कोळीण होती, भाग्यश्रीताई. दर शुक्रवारी रहस्यकथा न्यायची, टोपली बाहेर ठेवून. तिला नंतर सांगितलं तर म्हणाली, "अगो बाय, तवाच सांगायचा ना. कोल्ड स्टोरेजमधी एक खोली दिली असती. सुरमईचा वास आला असता थोडासा, येवडंच." हे आठवून मला आजही रात्री उठून बसायला होतं.

तेव्हा तुम्ही एवढं करा. भिजलेलं पुस्तक उघडू नका. मिटलेलंच, हलक्या हाताने स्वच्छ पाण्यात बुडवून वरचा चिखल काढा. जेवढी दोन दिवसांत सुकवता येतील तेवढीच हातात घ्या : कोऱ्या कागदाचे तुकडे दर वीस-पंचवीस पानांनंतर, ओले झाले की बदला, मग उभी ठेवून पानं पंख्यासारखी पसरा, वारा द्या, ऊन नको. छापील वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. बाकीची एकेक मेणकागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये. घरच्यात मावत नसतील तर आइस्क्रीमवाल्याला विचारा, मासळीवालीला विचारा. लाजू नका. गुळगुळीत कागदाची सर्वांत आधी गोठवा.

आमच्याकडे त्या पुरातलं एक पुस्तक वाचलं, स्वयंपाकाचं, वरच्या खणातलं, फक्त खालचा कोपरा भिजलेला. त्यावर चिखलाची तपकिरी रेघ आहे, पान एकपासून शेवटपर्यंत. ते मी खोडलं नाही. मी निवृत्त झाले त्या आठवड्यातही ते बाहेर गेलेलं होतं.

चूकदुरुस्ती : मागच्या अंकात मी राजाबाई हे प्रेमचंद रायचंदांच्या पत्नीचं नाव लिहिलं. सात वाचकांनी कान धरला. राजाबाई त्यांच्या आई. टॉवर १८७८चा, तेवढं मात्र बरोबर होतं. पुढच्या महिन्यासाठी प्रश्न पाठवताना अक्षर जरा मोठं काढा, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.